वर बघण्यासारखं काय आहे?

अष्टागरात पाहुण्यांनी काय विचारायचं हे जवळजवळ ठरून गेलं आहे. सुरमई ताजी आहे का, खोलीला एसी आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, आणि मांडव्याहून शेवटची लाँच केव्हा. नागाव-चौलच्या घरगुती खानावळीतल्या काकू या चारही प्रश्नांची उत्तरं भाकरी थापता थापता, मान वर न करता देतात. गेल्या काही वर्षांत त्यात पाचव्या प्रश्नाची भर पडली आहे. त्यानं मात्र भाकरी करपते.

“काकू, इथं जवळपास चढायला चांगलं काय आहे?”

काकू खिडकीतून अंगणातल्या माडाकडे बघतात. “तुम्ही कशाला चढताय? उद्या गडी येणारच आहे.”

“माड नाही हो. डोंगर!”

“डोंगरावर काय आहे?”

“काही नाही. नुसतं चढायचं.”

“आणि मग?”

“मग उतरायचं.”

काकू गॅस बारीक करतात आणि माजघरात जाऊन काकांना उठवतात.

काकूंचं काही चुकत नाही. अलिबाग तालुक्यातला हा पट्टा मुळातच आडवा आहे. पश्चिमेला समुद्र, मग पुळण, पुळणीला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमागे रस्ता, रस्त्यापलीकडे भातखाचरं, आणि खाचरं संपली की एकदम डोंगर. कोळी समुद्राकडे जातो, वाडीवाला वाडीत, शेतकरी खाचरात. डोंगराकडे जायचं ते गुरं हरवली म्हणून, नाहीतर देवाला नवस बोलला म्हणून. तिसरं कारण इथं कुणाला ठाऊक नव्हतं. थळ, किहीम, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही नावं अष्टागरात धरायची यावर सहसा वाद होत नाही. आठवं गाव कोणतं असं विचारलं, की ज्याचं त्याचं आजोळ निघतं.

आता चढण्याचंच म्हणाल, तर या वाड्यांत रोज जेवढं चढलं जातं तेवढं एखाद्या गिर्यारोहण संस्थेच्या वर्षभरात होत नसेल. पोफळीवर चढलेला गडी घड कापून झाला की खाली उतरण्याच्या भानगडीत पडत नाही. शेंडा झुलवतो, शेजारच्या पोफळीचा शेंडा धरतो आणि तिकडे जातो. तिथून तिसरीवर. कमरेला कोयता, पायात काही नाही, डोक्यावर ऊन. अशाच एका गड्याला मुंबईहून आलेल्या ग्रुपच्या लीडरनं आपली दोरी, कड्या, कमरेचा पट्टा असं सगळं साहित्य अंगणात मांडून दाखवलं. गड्यानं एकेक कडी उलटसुलट करून पाहिली, किंमत विचारली, आणि मग म्हणाला, “वर जाऊन पाडायचं काय?”

“काहीच नाही.”

“मग रोज कोण देतं?”

“रोज? आम्हीच देतो. माणशी बाराशे. नाश्ता धरून.”

गडी यावर काही बोलला नाही. तो गुपचूप दुसऱ्या झाडावर चढला आणि बराच वेळ उतरला नाही.

तोवर काका उठलेले असतात. साठीच्या काकांनी उभा जन्म चौलात काढलेला असतो. समोरचा सागरगड त्यांच्या ओटीवरून दिसतो आणि ते त्यावर एकदाही गेलेले नसतात. पण म्हणून त्यांचं कुठं अडत नाही. वर टाकी किती, बुरूज किती, भुयार कुठून निघतं आणि कुठल्या बेटावर उघडतं, हे ते डोळे मिटून सांगतात. न गेलेल्या जागेची माहिती फार पक्की असते. गेलेल्या माणसाला निदान शंका तरी येते. पाहुण्यांनी यावर हसायचं कारण नाही. त्यातले निम्मे बोरिवलीचे असतात आणि घरामागच्या कान्हेरी लेण्यांत शाळेच्या सहलीनंतर फिरकलेले नसतात. पण कान्हेरीला कुणी पाहुणा निघाला, की कोणत्या फाटकातून शिरायचं आणि कोणत्या लेण्याशी गर्दी असते, हे तेही अगदी ठासून सांगतात.

काका वाट सांगतात ती अशी: “इथून सरळ गेलात की पूर्वी भातगिरणी होती तिथं डावीकडे वळा. पुढं वड लागेल. म्हणजे वड पडला निसर्गमध्ये. पण जागा दिसते. तिथून उजवीकडे बेडं लागेल. ते सारा आणि जा बिनधास्त.”

“किती लांब आहे?”

“छे! इथंच.”

‘इथंच’ हे अष्टागरातलं अंतराचं सर्वांत मोठं परिमाण आहे. पाच मिनिटांच्या वाटेला ‘हे काय’ म्हणतात, अर्ध्या तासाच्या वाटेला ‘जवळच’, आणि ज्या वाटेवर दुपारचं जेवण चुकणार ती ‘इथंच’. त्यात 3 जून 2020 रोजी आलेल्या निसर्ग वादळानं माड-पोफळींबरोबर वाटा सांगायच्या खुणाही आडव्या केल्या. गावानं त्या खुणा अजून रद्द केलेल्या नाहीत. नसलेल्या वडापाशी वळून नसलेल्या फणसापर्यंत जायचं, हे गावकऱ्याला सहज जमतं.

पाहुण्यांचा भरवसा अर्थातच मोबाइलवर. मोबाइल त्यांना डोंगराकडची सगळ्यात जवळची वाट दाखवतो, ती कुणाच्या तरी वाडीतून जाते. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये पाटाचं पाणी, वर झावळ्या. फोटोला फार छान. वाट शेवटी एका विहिरीपाशी संपते. तिथं एक पिवळा कुत्रा आणि धुणं वाळत घालणाऱ्या एक आजी असतात. आजी कुत्र्याला ‘गप’ म्हणतात आणि पाहुण्यांना ‘कोण हवंय’ म्हणतात. आपल्याला सागरगड हवा आहे हे विहिरीच्या काठावर उभं राहून सांगताना चांगल्या पगाराची माणसंही अडखळतात.

काहीजण होकायंत्र घेऊन येतात. त्यांनी तर अलिबागेत चुकूच नये. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी इथल्या वेधशाळेत 1904 पासून होत आल्या आहेत. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. तिथं विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा नोंदी बिघडतील म्हणून सगळा बाडबिस्तरा खाडीपलीकडे इथं हलवला. इमारतीला चुंबकाशी संबंध न सांगणारा दगड निवडून आणला, लोखंड वर्ज्य केलं. सुई हलू नये म्हणून साहेबानं एवढं केलं त्याच गावाबाहेर ग्रुपमधले दोघंजण सुईवरून भांडत उभे असतात. एकाची उत्तर समुद्रात निघते, दुसऱ्याची बिर्याणीच्या दुकानात. दुकान खरोखर त्याच दिशेला असतं, म्हणून दुसरा जिंकतो.

नवख्यांनी सुरुवात पायऱ्यांनी करावी असा सल्ला गाव देतं. पायऱ्यांवर वाट चुकत नाही. चौल-भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, आणि दत्तजयंतीला तिथं पाच दिवस यात्रा भरते. पायऱ्या किती, या प्रश्नाला सातशेपासून पंधराशेपर्यंत काहीही उत्तर मिळतं. आकडा सांगणाऱ्याच्या गुडघ्यांवर अवलंबून असतो. यात्रेत खाली मिठाई, पाळणे, भांड्यांची दुकानं लागतात. भाविक आधी वर जाऊन येतात आणि मग खरेदी करतात. ट्रेकवाले आधी खरेदी करतात. मग कढई पाठीवरच्या पिशवीला बाहेरून बांधून वर निघतात. दर पायरीला ती वाजते, आणि आरती सुरू झाली असं समजून पुढचे लोक घाईनं वाट देतात.

उत्तरेला मापगावजवळच्या कनकेश्वरलाही पायऱ्याच आहेत. राघोजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी त्या 1764 मध्ये बांधल्या असं सांगतात. दिवाणसाहेबांनी माणसाचा दम ओळखून मध्ये मध्ये टप्पे ठेवले. नागोबाचा टप्पा येतो, देवाची पायरी येते, गायमांडी येते. प्रत्येक टप्प्यावर बसलेला माणूस उतरणाऱ्याला विचारतो, “अजून किती?” उतरणारा म्हणतो, “आलंच.” हा संवाद कनकेश्वरावर पायऱ्यांइतकाच जुना असावा. खरं उत्तर कुणी देत नाही. तेवढी भूतदया प्रत्येकाकडे असते. पायऱ्या मोजणाऱ्यांची मात्र इथं फार आबाळ होते. एकजण मोठ्यानं मोजत असतो, दुसरा त्याला पाणी विचारतो, तिसऱ्याचा फोन वाजतो आणि तो आपला नंबर सांगतो. पहिल्याची पायरी एकदम शेकडो कोटींवर जाते.

पायऱ्या पचल्या की सागरगड. उंची साधारण 1,350 फूट, पायथ्याला खंडाळे गाव. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांना दिले त्यांत हा एक. दिल्लीच्या फौजेला कागदावर सापडलेला हा गड पुण्याच्या ग्रुपला पावसाळ्यात डोळ्यासमोर असून सापडत नाही. धबधबा दिसतो, सिद्धेश्वराचं देऊळ लागतं, माचीवरची घरं लागतात, आणि त्यापुढं पठारावर धुकं उतरतं. तिथं पायवाटांचं जाळं आहे. माणसांच्या वाटा थोड्या आणि ढोरवाटा फार. ढोरवाट दिसायला जास्त रुंद, जास्त मळलेली आणि जास्त आत्मविश्वासानं पुढं जाणारी असते, म्हणून लीडर तीच निवडतो. ती एका हिरव्यागार कुरणात संपते. तिथं आधीच आलेल्या चार म्हशी ग्रुपकडे बघतात आणि पुन्हा चरायला लागतात.

अशा वेळी माचीवरची एखादी मावशी कामाला येते. डोक्यावर लाकडाची मोळी, पायात रबरी चपला, आणि ग्रुप अर्धा तास ज्या घसरणीवर बसून उतरला तिच्यावरून ती उभी चालत येते.

“मावशी, गड कुठं आहे?”

“तुमी गडावरच हाव. वानरटोक बगायचं तं तकडं.”

“तुम्ही रोज येता इथं?”

“मंग! लाकडं कोन आननार?”

मावशी निघून जाते. लीडर सगळ्यांना सांगतो की स्थानिक लोकांशी संवाद हा ट्रेकिंगचा गाभा आहे. मग सगळे वानरटोकाकडे निघतात. मावशीनं दाखवलेल्या दिशेच्या उलट.

उतरताना खंडाळ्यात पांढरा कांदा लागतो. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खंडाळे, कार्ले या भागात भात निघालं की त्याच खाचरांत कांदा लावतात, आणि उन्हाळा लागता लागता त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. हिवाळा सरताना गडावर गेलेला ट्रेकर वरून काही आणत नाही, खालून मात्र चार माळा आणतो. वजन कमी हवं म्हणून टूथब्रशचा दांडा अर्धा कापून आणलेला माणूस परतीच्या लाँचवर पाच किलो कांदा मांडीवर घेऊन बसतो.

याच खंडाळ्याच्या परिसरात एका खडकावर खुरांच्या खुणा आहेत. एलियाहू हनवी इथून रथात बसून स्वर्गात गेले अशी बेने इस्रायलींची श्रद्धा आहे, आणि आता इस्रायलला स्थायिक झालेली कोकणातली घरं आवर्जून त्या दर्शनाला येतात. या तालुक्यात वर जाण्याची इतकी सोपी सोय दुसऱ्या कुणाची झालेली नाही. बेने इस्रायली पूर्वी घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. म्हणजे शनिवारची सुट्टी या किनाऱ्याला मुंबईच्या कंपन्यांमुळे कळली असं समजायचं कारण नाही. फरक इतकाच, की शनवार तेली त्या दिवशी खरोखर विश्रांती घ्यायचे.

बाहेरून येऊन इथं चालत सुटलेला आणि नंतर त्याबद्दल लिहून ठेवलेला एक जुना माणूस म्हणजे अफनासी निकितीन. हा रशियन व्यापारी 1469 च्या सुमारास चौलला जहाजातून उतरला. सोबत सामान म्हणून त्यानं एक घोडा आणला होता. तिथून जुन्नरला पोहोचायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले, आणि पोहोचला तो नेमका पावसाळ्याच्या तोंडावर. मग त्यानं लिहिलं की चार महिने दिवसरात्र जिकडे तिकडे पाणी आणि चिखल. सागरगडावरून परतणाऱ्या प्रत्येक माणसाचा अभिप्राय आजही यापेक्षा वेगळा नसतो. गोरा माणूस बघायला लोक मागे मागे येतात अशीही त्याची तक्रार आहे. त्याहून वाईट म्हणजे जुन्नरच्या खानानं त्याचा घोडाच ठेवून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देतो म्हणून सांगितलं. एका खुरासानी ओळखीच्या माणसानं रदबदली केली, तेव्हा घोडा सुटला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात या निकितीनचं स्मारक आहे. ग्रुप तिथं फोटो काढतो आणि त्याच्यासारखंच मोकळं फिरायची शपथ घेतो. मग बाहेर येऊन बघतो तर आपली गाडी दुसऱ्याच्या दारात लावल्याबद्दल चाकाची हवा गेलेली असते.

ज्यांना चढ नको आणि चालणं हवं, त्यांच्यासाठी अलिबागचा कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांत, 1680 मध्ये, याचं काम सुरू झालं. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला चहूबाजूंनी पाणी. यात समजायला अवघड काही नाही. तरीही दर सुट्टीला किल्ल्यात काही माणसं राहून जातात आणि किनाऱ्याकडे बघत हात हलवतात. किनाऱ्यावरचे लोकही त्यांना हात हलवतात.

वेळ काढायची रीत या किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, आणि त्याच्या पुढं-मागं सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. घरातल्या आजी हे हिशेब उपासाच्या निमित्तानं करतात. “आज संकष्टी. चतुर्थीची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती. सकाळी नऊला ओहोटी. आठाला शिरा, दहाला बाहेर पडा.”

“आजी, माझ्याकडे अ‍ॅप आहे,” लीडर नम्रपणे म्हणतो.

“त्याची संकष्टी केव्हा आहे?”

अ‍ॅप अचूकच असतं. त्यात बंदर निवडावं लागतं, आणि लीडरनं गेल्या महिन्यातल्या गोव्याच्या सहलीपासून ते बदललेलं नसतं. शिवाय संकष्टीला सकाळी नऊला ओहोटी असली तरी सकाळी नऊला ग्रुपची आंघोळ असते, साडेनऊला पोहे, दहाला हरवलेला चष्मा, आणि साडेदहाला तो डोक्यावर सापडतो. साडेअकराला सगळे किल्ल्यात शिरतात. गणपतीचं देऊळ, गोड्या पाण्याची पुष्करणी, तटावरच्या तोफा हे सगळं ते शांतपणे बघतात. आपल्याशिवाय कुणीच नाही याचा त्यांना फार आनंद होतो. बाहेर येतात तेव्हा घोडागाडीवाले केव्हाच किनाऱ्यावर परतून चहा पीत असतात, आणि मधल्या वाळूच्या जागी लाटा. मग होडी येते. होडीवाला पैसे आधी घेतो. “परवडत नसेल तर थांबा की,” तो समजुतीनं म्हणतो, “रात्री नऊला ओहोटी आहे. चंद्रोदय बघूनच या.”

याहून जास्त हौस असेल त्यानं खाडी ओलांडून मुरूडच्या बाजूला फणसाडच्या जंगलात जावं. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती. 1986 मध्ये अभयारण्य झालं. पाणवठ्याला इथं गाण म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशी त्यांची नावं आहेत. गाणीवर दबा धरून बसलं तर जनावर दिसतं, आणि झाडावर शेकरू दिसतो. अट एकच, गप्प बसायचं. ग्रुप गप्प बसायला तयार असतो, पण तयारीतच वेळ जातो. आधी एकजण कुजबुजत सगळ्यांना गप्प करतो. मग दुसरा त्याला कुजबुजत सांगतो की तुझाच आवाज येतोय. मग चकलीचं पाकीट उघडायचं की नाही यावर खुणांनी चर्चा होते. पाकीट शेवटी इतक्या हळू उघडलं जातं की त्याचा चर्रर्र आवाज पाच मिनिटं पुरतो. शेकरू फांदीवर येतो, हा सगळा प्रकार शेपटी हलवत बघतो आणि जातो. त्याला त्या दिवशी सोळा माणसं दिसतात. माणसांना शेपटी दिसते, तीसुद्धा तिघांना. उरलेले तेरा परतीच्या वाटेवर हळूहळू आपल्यालाही दिसल्याचं कबूल करतात.

संध्याकाळी सगळ्या वाटा पोपटीपाशी येतात. थंडीचे दिवस असले तर वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी मडक्यात भरायची, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला दाबायचा, मडकं शेतात उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शिजलं की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून आवाजावरून ओळखतात. ग्रुपमधले सगळे आपापल्या मनगटावरचं घड्याळ बघतात. दिवसभरात किती पावलं झाली, किती उष्मांक जळले हे त्यात आलेलं असतं. मडकं फुटतं. त्यानंतर घड्याळाकडे कुणी बघत नाही. उशिरा केव्हातरी एकजण चुकून बघतो, तर घड्याळ त्याला उठून जरा चाला म्हणून सांगत असतं.

याच शेकोटीशी काकांचा विषय निघाला. ज्या माणसानं आपल्याला इतक्या डोंगरांवर पाठवलं, त्यालाच एकदा वर न्यायचं असं ग्रुपनं ठरवलं. सागरगड काकांनी गुडघ्यांवर ढकलला, कनकेश्वर पुढच्या श्रावणावर ढकलला. शेवटी कोर्लईवर तडजोड झाली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे समुद्रात घुसलेल्या या टेकाडाची उंची जेमतेम तीनशे फूट आहे. पायथ्याच्या गावात पोर्तुगीजांनी मागं ठेवलेली बोली आजही हजारभर ख्रिस्ती माणसं घरात बोलतात. दीपगृहापर्यंत रस्ता जातो आणि तिथून किल्ला अर्ध्या तासाचा. 1594 मध्ये निजामशाहीनं तो बांधायला घेतला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो जिंकला. 1740 च्या तहात तो मराठ्यांकडे आला. काकांना यातली सालं ठाऊक नव्हती, पण तोफ कुठून डागली आणि गोळा रेवदंड्यात कुणाच्या परसात पडला हे ठाऊक होतं.

एसटीनं जायचं हा काकांचा हट्ट. लीडर बुटांच्या नाड्या आवळेस्तोवर काका पायजमा वर खोचून, चपला फटफटवत पहिल्या दरवाजातून आत गेले होते. कोर्लईला एकामागून एक दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाजात काका थांबायचे, कमान न्याहाळायचे आणि म्हणायचे, “ह्यात काय आहे? रेवदंड्यात अख्खा तट पडलाय. त्याच्या आत वाड्या आहेत आमच्या भाचीच्या.” तरी प्रत्येक दरवाजानंतर ते थोडे गप्प होत गेले. शेवटच्या चढाला तर बोललेच नाहीत.

वर पोहोचल्यावर वारा एकदम अंगावर आला. तीन बाजूंना समुद्र, खाली दीपगृह, उत्तरेला खाडीच्या मुखापलीकडे रेवदंड्याचा तट आणि त्यामागे माडांची लांबच लांब रांग. साठ वर्षांत पहिल्यांदा काका आपला मुलूख वरून बघत होते. ग्रुप आदरानं चार पावलं मागं थांबला. एकीनं हळूच मोबाइल काढून चित्रण सुरू केलं. लीडरचे डोळे पाणावले होते.

काकांनी कपाळाला हात लावून उन्हातून खाडीकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

“ती बघा,” ते म्हणाले. “पुलावर लाल दिसतेय ना? मुरूड-अलिबाग.”

“हो हो, दिसतेय!” सगळे एकदम म्हणाले.

“आपल्याला त्याच गाडीनं परत जायचं होतं.”

चित्रण थांबलं. “पुढची केव्हा?”

“आहे सव्वासहाला. पण ती कोर्लईला थांबेलच असं नाही.”

“मग काका?”

काकांनी पायजमा आणखी एक वेढा वर खोचला आणि उतरणीला लागले. “मग काय, चालायचं. तुम्हाला चालायचंच होतं ना? रेवदंडा इथंच आहे.”